तीन दिवसांची विद्यार्थिनी: ऑथरीन लूसी आणि अलाबामा विद्यापीठ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

१९५६ च्या फेब्रुवारीत ऑथरीन लूसी ही कृष्णवर्णीय तरुणी, तोवर फक्त गोऱ्यांनाच घेणाऱ्या अलाबामा विद्यापीठात तीन दिवस वर्गात बसली. शुक्रवार, शनिवार आणि सोमवार. सोमवारी रात्री विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं, आणि महिना संपता संपता कायमचं काढून टाकलं. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यांचा उल्लेख ‘फसलेला प्रयत्न’ असा एका ओळीत उरकलेला दिसतो. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही, ते खालच्या उत्तरांत आहे.

ऑथरीन लूसी कोण होत्या?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, मरेंगो काउंटीतल्या शायलो या खेड्यात ५ ऑक्टोबर १९२९ रोजी त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं, भावंडं दहा, आणि ऑथरीन सगळ्यांत धाकट्या. जवळच्या लिंडन गावात शाळा झाली. पुढे दोन वर्षं सेल्मामधल्या कॉलेजात गेली आणि मग बर्मिंगहॅमजवळच्या माइल्स कॉलेजात १९५२ साली इंग्रजी विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. शाळा आणि दोन्ही कॉलेजं कृष्णवर्णीयांसाठीचीच होती, कारण दुसरीकडे जाण्याची सोयच नव्हती.

स्वभावाने त्या लाजाळू होत्या, पुढे पुढे करणाऱ्या नव्हत्या. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

पदवी हातात होती, मग पुन्हा अलाबामा विद्यापीठातच कशाला?

कल्पना मैत्रिणीची, पॉली ॲन मायर्स यांची. दोघी माइल्समध्ये भेटल्या. पॉली धीट होत्या आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेत काम करत होत्या. ‘आपण दोघी अलाबामा विद्यापीठात अर्ज करू या’ असं पॉली म्हणाल्या तेव्हा लूसींना ती आधी थट्टाच वाटली होती. पॉलींना पत्रकारिता शिकायची होती, लूसींना ग्रंथालयशास्त्र.

टस्कलूसा गावातलं हे विद्यापीठ राज्याचं होतं, म्हणजे सरकारी पैशावर चालणारं. तो पैसा करातून येई, आणि कर कृष्णवर्णीयही भरत. शेतात राबून कर भरायचा, पण त्या पैशातून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयाची पायरी आपल्या मुलीने चढायची नाही, असा हा व्यवहार होता. ‘तिथेच कशाला’ असं जेव्हा कुणी विचारतं, तेव्हा मला वाटतं की हा प्रश्न विद्यापीठाला विचारायला हवा.

अर्जात वर्ण विचारला नव्हता का?

नव्हता, आणि गोष्टीची कळ इथेच आहे. सप्टेंबर १९५२ मध्ये दोघींनी अर्ज केला, गुणपत्रकं ठीक होती, प्रवेश मंजूर झाला. दोघींकडे पत्रं आली. मग २० सप्टेंबरला दोघी स्वतः टस्कलूसाला गेल्या, आणि त्यांना समोर पाहिल्यावर प्रवेश विभागाच्या लक्षात आलं की या गोऱ्या नाहीत. काहीतरी चूक झाली आहे, तुम्हाला इथे घेता येणार नाही, असं सांगण्यात आलं.

कागदावर ज्या दोघी पात्र होत्या, त्या दारात उभ्या राहिल्यावर अपात्र ठरल्या. मधल्या काळात ना गुण बदलले होते ना अर्ज. पुढे कोर्टात हाच मुद्दा त्यांच्या कामी आला.

खटला कुणी लढवला आणि किती वर्षं चालला?

जवळपास तीन वर्षं. बर्मिंगहॅमचे आर्थर शोअर्स हे अलाबामातले नावाजलेले कृष्णवर्णीय वकील. त्यांच्या जोडीला एनएएसीपीच्या कायदा विभागाचे थर्गुड मार्शल आणि कॉन्स्टन्स बेकर मॉटली. मार्शल पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, त्यामुळे त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मॉटलीबाईंचं नाव मात्र मागे राहतं. दक्षिणेतल्या न्यायालयांत उभं राहून बाजू मांडणारी कृष्णवर्णीय स्त्री तिथल्या लोकांनी तोवर पाहिलेलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. १९६६ साली त्या अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला संघराज्य (म्हणजे केंद्रीय) न्यायाधीश झाल्या.

प्रवेश विभागाचे प्रमुख विल्यम ॲडम्स हे प्रतिवादी, म्हणून खटल्याचं नाव ‘लूसी विरुद्ध ॲडम्स’. शाळांमधलं वर्णाधारित विभाजन घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा ब्राउन खटल्यातला निकाल १७ मे १९५४ चा. त्यानंतर १ जुलै १९५५ रोजी बर्मिंगहॅमचे संघराज्य न्यायाधीश होबार्ट ग्रूम्स यांनी आदेश दिला की वर्णाच्या कारणावरून यांना प्रवेश नाकारता येणार नाही. १० ऑक्टोबर १९५५ ला सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला.

या आदेशातला एक तपशील नजरेतून सुटू देऊ नका. तो फक्त दोन नावांपुरता नव्हता. त्यांच्यासारख्या स्थितीतल्या इतर सगळ्या कृष्णवर्णीय अर्जदारांनाही तो लागू होता. त्या ओळीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पॉली मायर्स कुठे गेल्या? त्या वर्गात का दिसत नाहीत?

कारण विद्यापीठाने त्यांना दुसऱ्या वाटेने अडवलं. वर्ण हे कारण देण्याची आता बंदी होती, तेव्हा दोघींच्या खासगी आयुष्यात काही सापडतं का ते पाहण्यासाठी गुप्तहेर लावले गेले. पॉलींच्या बाबतीत एवढंच हाती आलं की लग्नाच्या वेळी त्या गरोदर होत्या. तेवढ्यावरून ‘वर्तन योग्य नाही’ असा शेरा मारून त्यांचा प्रवेश नाकारण्यात आला.

हा भाग लिहिताना मला राग आवरत नाही. लग्नाची तारीख आणि मुलाच्या जन्माची तारीख यांच्यातले महिने मोजणारे लोक एका विद्यापीठाच्या कचेरीत बसले होते. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत असे महिने कुणी मोजत नव्हतं.

हिशेब असा होता की दोघींमधली धीट बाजूला काढली की लाजाळू आपोआप माघार घेईल. आणि लूसींना खरोखरच एकटीने जायचं नव्हतं. पण मैत्रिणीने आणि आजूबाजूच्या लोकांनी धीर दिला, आणि त्या एकट्या गेल्या. चारित्र्याचा हा डाग पाडून पॉली मायर्सना फोटोतून वगळलं गेलं, आणि आपणही पुष्कळदा त्यांना गोष्टीतून वगळतो. ही मोहीम मुळात त्यांचीच होती.

पहिला दिवस कसा गेला?

१ फेब्रुवारी १९५६ ला नोंदणी झाली आणि ३ फेब्रुवारीला, शुक्रवारी, त्या वर्गात गेल्या. वसतिगृहात खोली नाही आणि भोजनगृहात प्रवेश नाही, हे विद्यापीठाने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे शिकायचं इथे आणि राहायचं बर्मिंगहॅमला. अंतर एका बाजूने नव्वद किलोमीटरहून जास्त. बर्मिंगहॅममधले कृष्णवर्णीय लोक आपल्या गाड्यांतून त्यांना ने-आण करत.

वर्गातला दिवस तसा शांततेत पार पडला. काहींनी जागा सोडून लांब बसणं पसंत केलं, मोजक्या काही जणांनी चार शब्द चांगले बोलल्याचंही त्यांनी पुढे सांगितलं आहे. रात्री मात्र आवारात क्रूस पेटवण्यात आला. पेटता क्रूस ही कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या टोळीची खूण. पाठोपाठ घोषणा देत जमाव निघाला. शनिवारी वर्ग झाला आणि रात्री पुन्हा गर्दी जमली.

सोमवारी, ६ फेब्रुवारीला, नेमकं काय घडलं?

सकाळी स्मिथ हॉलमध्ये भूगोलाचा तास होता. तो संपेपर्यंत बाहेर हजाराच्या वर लोक जमले. त्यात विद्यार्थी होते, पण गावातले कामगार होते, शाळकरी पोरं होती, क्लॅनचे लोकही होते. पुढचा तास ग्रेव्ह्ज हॉलमध्ये, म्हणजे शिक्षणशास्त्र विभागाच्या इमारतीत होता. विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता सारा हीली आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांचे सहायक जेफ बेनेट यांनी लूसींना मागच्या दाराने बाहेर काढून गाडीत घातलं. जमावाने गाडी गाठली. अंडी, खडे, दगड यांचा मारा झाला, काचा फुटल्या.

ग्रेव्ह्ज हॉलमध्ये शिरल्यावर दार लावून घेतलं. बाहेर लोक त्यांना ठार मारण्याच्या घोषणा देत होते आणि आत, कपड्यांना अंडी माखलेल्या अवस्थेत, त्या काही तास अडकून होत्या. त्या वेळी आपण प्रार्थना केली, मरायचीच वेळ आली तर तेवढं बळ दे असं मागितलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. भीती वाटली नाही असा आव त्यांनी कधीच आणला नाही, आणि मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटतो त्यात याचा वाटा मोठा आहे.

शेवटी राज्य महामार्ग पोलिसांच्या गाडीतून, मागच्या बाजूला पालथं झोपवून त्यांना आवाराबाहेर काढलं. गावातल्या कृष्णवर्णीयांच्या एका केशकर्तनालयात त्यांना नेलं आणि तिथे त्यांच्या केसांतली अंडी धुतली गेली.

या प्रसंगात दगड मारणारे पुष्कळ दिसतात. पण गाडी चालवणारे, दार लावून घेणारे आणि केस धुऊन देणारेही त्याच गावातले होते.

हल्ला त्यांच्यावर झाला, मग निलंबनही त्यांचंच कसं?

त्याच रात्री विश्वस्त मंडळाची बैठक झाली आणि ‘त्यांच्या व इतर विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी’ लूसींना पुढील आदेशापर्यंत वर्गात येण्यास मनाई करण्यात आली.

सुरक्षितता हा शब्द इथे कसा वापरला गेला ते पाहा. दगड मारणाऱ्यांना आवाराबाहेर ठेवणं हाही सुरक्षेचाच उपाय होता. पण तो करायचा तर जमावाशी भांडावं लागलं असतं. एकट्या मुलीला बाहेर ठेवलं की भांडण आपोआप मिटतं. जमावाला जे हवं होतं ते रीतसर ठराव करून देण्यात आलं.

कायमचं काढून टाकण्यासाठी काय कारण दिलं?

लूसींच्या वकिलांनी लगेच न्यायालयात धाव घेतली. त्या अर्जात असा आरोप होता की विद्यापीठाचे अधिकारी जमावाला सामील होते. हा आरोप सिद्ध करण्याइतका पुरावा हाताशी नव्हता आणि वकिलांनी तो मागेही घेतला. २९ फेब्रुवारीला न्यायाधीश ग्रूम्स यांनी लूसींना पुन्हा वर्गात घ्या असा आदेश दिला. आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी त्यांना विद्यापीठातून कायमचं काढून टाकलं. कारण काय, तर विद्यापीठावर खोटे आणि बदनामीकारक आरोप केले.

आरोप वकिलांनी लिहिला होता, शिक्षा विद्यार्थिनीला. एका विद्यार्थी पुढाऱ्यालाही काढून टाकण्यात आलं, तो जमावाचं नेतृत्व करणारा लिओनर्ड विल्सन. म्हणजे दंगल माजवणारा आणि दंगल सोसणारी यांना एकच शिक्षा झाली.

एनएएसीपीच्या वकिलांचं इथे चुकलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. हाती पुरावा नसताना तो आरोप लिहायला नको होता. त्याने विद्यापीठाला वर्णाचा उल्लेख न करता दार बंद करण्याची सबब मिळाली. पुढे न्यायालयानेही ही हकालपट्टी कायम ठेवली.

गावातल्या सगळ्यांना हे मान्य होतं का?

नाही. ‘टस्कलूसा न्यूज’चे संपादक ब्यूफर्ड बून यांनी दंगलीच्या दुसऱ्याच दिवशी, ७ फेब्रुवारीला, अग्रलेख लिहिला. विद्यापीठ जमावापुढे झुकलं आणि ही शांतता फार महागात पडली, असा त्याचा आशय. त्यांना धमक्यांचे फोन आले. १९५७ साली त्याच अग्रलेखासाठी त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला.

माँटगमेरीत असलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनीही या ‘शांतते’वर चर्चमध्ये प्रवचन दिलं. टस्कलूसात आता सगळं शांत आहे अशी बातमी होती. अन्यायापुढे मान तुकवून मिळालेली शांतता ही शांतताच नव्हे, असं त्यांनी बजावलं.

माँटगमेरीच्या बस बहिष्काराशी याचा काही संबंध होता का?

काळ एकच आणि राज्यही एकच. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार सुरू केला, आणि तो ऐन भरात असताना लूसींचं प्रकरण घडलं. गोऱ्या सत्तेच्या नजरेत दोन्ही एकच दुखणं होतं. जून १९५६ मध्ये अलाबामा सरकारने एनएएसीपीवर राज्यात काम करण्यास बंदी आणली. तेव्हा न्यायालयापुढे मांडलेल्या तक्रारींत बस बहिष्काराला दिलेला पाठिंबा होता, आणि विद्यापीठात प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थिनींना केलेली मदतही होती. ही बंदी उठायला आठ वर्षं लागली.

म्हणजे प्रयत्न फसलाच ना? सात वर्षं तिथे एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी आला नाही.

सात वर्षं कुणी आलं नाही हे खरं. पण १९६३ मध्ये दार उघडलं ते कोणत्या किल्लीने?

व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड यांनी १९६३ मध्ये प्रवेश मागितला तेव्हा नव्याने खटला उभा करण्याची गरज पडली नाही. त्याच न्यायाधीश ग्रूम्स यांनी सांगितलं की ‘लूसी विरुद्ध ॲडम्स’मधला १ जुलै १९५५ चा आदेश अजून लागू आहे, त्यांच्यासारख्या इतर सगळ्यांना तो लागू आहे, आणि म्हणून विद्यापीठाने या दोघांना घेतलंच पाहिजे. लूसींना काढून टाकता आलं, त्यांनी मिळवलेला आदेश काढून टाकता आला नाही. तो विद्यापीठाच्या दप्तरात सात वर्षं पडून होता.

त्यानंतरचं दृश्य जगाने पाहिलं. ११ जून १९६३ रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस या दोघांची वाट अडवत फॉस्टर ऑडिटोरियमच्या दारात कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले. समोर अमेरिकेचे उपमहान्यायवादी (डेप्युटी अटर्नी जनरल) निकोलस कॅट्झनबाख. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी अलाबामाचं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैनिकी दल, संघराज्याच्या ताब्यात घेतलं, आणि मग वॉलेस बाजूला झाले. हा क्षण सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. पण कॅट्झनबाख तिथे उभे होते ते न्यायालयाच्या आदेशाच्या बळावर, आणि त्या आदेशाच्या मुळाशी नाव ऑथरीन लूसींचं होतं.

मलोन १९६५ साली पदवीधर झाल्या. त्या विद्यापीठाच्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर.

अशा आणखी कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या का?

होत्या, आणि प्रत्येकीवर एक स्वतंत्र पान लिहिता येईल. दोघींबद्दल थोडक्यात सांगते.

ओक्लाहोमात एडा लोइस सिपुएल यांनी १९४६ मध्ये कायदा शाखेत प्रवेश मागितला. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिल्यावर राज्याने काय केलं, तर घाईघाईत राज्याच्या विधान भवनाच्या काही खोल्यांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळं ‘विधी महाविद्यालय’ थाटलं. त्यांनी तिथे जायला नकार दिला. १९४९ मध्ये खऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तरी वर्गात सगळ्यांत मागे, पाटी लावलेल्या वेगळ्या खुर्चीवर बसवलं. १९९२ मध्ये त्या त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळावर आल्या.

जॉर्जियात शार्लीन हंटर आणि हॅमिल्टन होम्स यांनी जानेवारी १९६१ मध्ये विद्यापीठात पाऊल ठेवलं. दोनच दिवसांनी हंटर यांच्या वसतिगृहाबाहेर दंगल झाली आणि ‘सुरक्षिततेसाठी’ दोघांना निलंबित केलं. अगदी टस्कलूसासारखंच. पण या वेळी न्यायालयाने त्यांना लगेच परत पाठवलं आणि विद्यापीठाने ते मानलं. वकिलांमध्ये मॉटलीबाई इथेही होत्या. हंटर पुढे नामवंत पत्रकार झाल्या.

काढून टाकल्यावर लूसींचं आयुष्य कसं गेलं?

त्या काही काळ न्यूयॉर्कला थर्गुड मार्शल यांच्या घरी राहिल्या. एप्रिल १९५६ मध्ये त्यांनी धर्मोपदेशक ह्यू फॉस्टर यांच्याशी लग्न केलं. पुढची वर्षं लुइझियाना, मिसिसिपी, टेक्सस अशा राज्यांत गेली. शिक्षिकेची नोकरी मिळवणं अवघड होतं, कारण नाव वर्तमानपत्रांत गाजलेलं आणि शाळांना ‘भानगड’ नको. १९७४ मध्ये कुटुंब अलाबामात परतलं.

त्या विद्यापीठात परत कशा गेल्या?

१९८८ मध्ये तिथल्या दोन प्राध्यापकांनी त्यांना आपल्या वर्गात बोलायला बोलावलं. तेव्हा त्यांना एक साधा प्रश्न विचारला गेला: पुन्हा प्रवेश घ्यायचा प्रयत्न केलात का? नव्हता केला, पण विचार करीन, असं त्यांनी सांगितलं. मग प्राध्यापकांनी विद्यापीठाकडे पाठपुरावा केला आणि एप्रिल १९८८ मध्ये विश्वस्तांनी बत्तीस वर्षांपूर्वीचा तो ठराव रद्द केला.

१९८९ मध्ये त्यांनी नाव नोंदवलं. वय साठीला टेकलेलं. प्राथमिक शिक्षण हा विषय घेऊन त्यांनी पदव्युत्तर पदवी पूर्ण केली. मे १९९२ च्या पदवीदान समारंभात त्यांची मुलगी ग्रॅझिया हिलाही पदवी मिळाली. आईला शिक्षणशास्त्राची, लेकीला वित्त विषयाची. मायलेकी एकाच समारंभात व्यासपीठावरून चालत गेल्या.

पहिला अर्ज १९५२ चा आणि पदवी १९९२ ची. मध्ये चाळीस वर्षं.

मराठी वाचकांशी याचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते ओढूनताणून जोडलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि संयुक्त राष्ट्रांपुढे मांडल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाबद्दल विचारलं. डू बॉइस यांचं उत्तरही आलं.

लूसींची हकिगत वाचताना मला मात्र दुसरीच गोष्ट आठवते. बरोबर शंभर वर्षं आधी, १८५६ मध्ये, मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता. सरकारने उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा: न्याय या मुलाच्या बाजूने आहे हे खरं, पण एकट्या मुलासाठी त्याला तिथे बसवलं तर शाळा बाकीच्या सगळ्यांच्या उपयोगाची राहणार नाही. बाबासाहेबांनी हे प्रकरण आपल्या लेखनात मांडून ठेवलं आहे, म्हणून आपल्याला ते माहीत आहे. धारवाडच्या त्या मुलाचं नाव मात्र आपल्याकडे कुठल्याही इमारतीवर नाही.

विद्यापीठात आज त्यांची काय आठवण आहे?

त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे, तैलचित्र आहे. २०१७ मध्ये ग्रेव्ह्ज हॉलसमोर इतिहासफलक लागला, २०१९ मध्ये विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

पण सगळ्यांत बोलकी गोष्ट त्या ग्रेव्ह्ज हॉलच्या नावाची आहे. १९५६ मध्ये ज्या इमारतीत त्या अडकून पडल्या, ती बिब ग्रेव्ह्ज या गव्हर्नरच्या नावाने होती, आणि हे ग्रेव्ह्ज क्लॅनचे स्थानिक पुढारी राहिलेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये विश्वस्तांनी आधी ‘लूसी-ग्रेव्ह्ज हॉल’ असं जोडनाव ठरवलं. ज्या संघटनेच्या लोकांनी त्यांच्यावर हल्ला केला, तिच्याच पुढाऱ्याशेजारी त्यांचं नाव! विद्यार्थ्यांसह अनेकांनी विरोध केला आणि काही दिवसांतच निर्णय बदलून ‘ऑथरीन लूसी हॉल’ एवढंच नाव ठेवलं गेलं. २५ फेब्रुवारीच्या नामकरणाला त्या स्वतः हजर होत्या. २ मार्च २०२२ रोजी, ९२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

‘ऑथरीन लूसी’ म्हणावं की ‘ऑथरीन लूसी फॉस्टर’?

दोन्ही बरोबर. लग्नानंतर त्या फॉस्टर झाल्या, खटल्याच्या कागदांत आणि इमारतीवर लूसी आहे.

यावरून एक गैरसमज होतो. १९६३ मध्ये गव्हर्नर वॉलेस ज्या फॉस्टर ऑडिटोरियमच्या दारात उभे राहिले, त्याचं नाव यांच्यावरून नाही. ते विद्यापीठाचे एक जुने अध्यक्ष रिचर्ड फॉस्टर यांचं. त्या इमारतीसमोरच्या चौकाला मलोन आणि हूड यांचं नाव आहे, आणि त्या चौकात २०१० पासून एक घड्याळाचा मनोरा उभा आहे. तो ऑथरीन लूसींच्या नावाचा.